फुप्फुसे नवी, हृदय तेच

स्मरणिकेचे काम सुरू झाले की संपादक मंडळाचा दूरध्वनी येतो, आणि दरवर्षी मी लसीकरण किंवा बालकांचा आहार यांवर चार पाने लिहून मोकळा होतो. यंदा तसे करावेसे वाटले नाही. गेली काही वर्षे एका मुलीच्या हृदयाची चित्रे माझ्या टेबलाच्या खणात जमा होत आहेत. फुप्फुसांचे प्रत्यारोपण झाल्यावर तिच्या हृदयात काय काय बदलले, ते त्या चित्रांत क्रमाने दिसते. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ही स्मरणिका आपल्या डॉक्टर सभासदांबरोबर त्यांच्या घरची मंडळी आणि समाजबांधवही वाचतात. म्हणून काही प्राथमिक गोष्टी मुळापासून सांगितल्या आहेत. डॉक्टर मित्रांनी तेवढ्या पानांवरून नजर फिरवून पुढे जावे.

२०१२ च्या पावसाळ्यात उधन्याहून एक दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. कुटुंब मूळचे खानदेशातले, वडील रिंग रोडवरील कापड बाजारात हिशेबनीस. "साहेब, जिना चढली की हिला धाप लागते," एवढीच आईची तक्रार होती. आजीला दम्याचा त्रास होता, दिवस पावसाळ्याचे होते आणि घर दमट होते. छाती तपासली, शिट्टीसारखा आवाज काही ऐकू आला नाही. पण दम्यात तो नेहमी ऐकू येतोच असे नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पंप लिहून दिला. पुढच्या भेटीत तिने "थोडं बरं वाटतं" असे सांगितले. मुले डॉक्टरांना बरे वाटावे म्हणूनही असे सांगतात, हे इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर मला ठाऊक असावयास हवे होते. आठ महिने ती पंप ओढत राहिली.

शाळेच्या क्रीडादिनी ती धावता धावता शुद्ध हरपून पडली. तिला घेऊन आले तेव्हा मी प्रथमच स्टेथोस्कोप पाठीवरून काढून छातीच्या डाव्या बाजूला, दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मधोमध, शांतपणे दोन मिनिटे धरून ठेवला. हृदयाचा दुसरा ध्वनी असा काही वाजत होता, जणू शेजारच्या खोलीचे दार कोणी आपटावे. तो ध्वनी आठ महिन्यांपूर्वीही तेथेच असणार. मी तो ऐकला नव्हता, कारण मी फुप्फुसे ऐकत होतो.

त्याच संध्याकाळी आमच्या एका हृदयरोगतज्ज्ञ मित्राने इको केला. पडद्यावरील चित्र पाहून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. त्या चित्रात काय होते हे कळण्यासाठी हृदयाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना आपण शाळेच्या पुस्तकात जवनिका म्हणत असू. डावी जवनिका सर्व शरीराला रक्त पुरविते. तिला पाऱ्याच्या १२० मिलीमीटरांपर्यंत दाब निर्माण करावा लागतो. म्हणून तिची भिंत जाड असते आणि आडवा छेद घेतला तर ती वाटोळी दिसते. उजवी जवनिका तेवढेच रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलते. परंतु फुप्फुसांतील वाहिन्या इतक्या मोकळ्या व लवचीक असतात की तिला जेमतेम २५ मिलीमीटर दाब पुरतो. म्हणून तिची भिंत पातळ, तीन-चार मिलीमीटरांची, आणि ती डावीला बिलगून चंद्रकोरीसारखी बसलेली असते. दोन बहिणींपैकी एकीने विहिरीचे पाणी शेंदून गावभर न्यावे आणि दुसरीने अंगणातल्या तुळशीला घालावे, असा हा प्रकार आहे.

या मुलीच्या फुप्फुसांतील बारीक धमन्यांच्या भिंती आतून जाड होऊन त्यांची पोकळी अरुंद झाली होती. असे का होते याचे कारण पुष्कळदा सापडत नाही. तिच्यातही सापडले नाही. फुप्फुसधमनीतील सरासरी दाब निरोगी माणसात १४ च्या आसपास असतो. २० च्या वर गेला तर आज आपण तो रोग मानतो. त्या वेळी ही मर्यादा २५ होती. कॅथेटर घालून मोजला तेव्हा तिचा सरासरी दाब ६२ निघाला. तुळशीला पाणी घालणाऱ्या बहिणीवर डोंगर चढण्याची पाळी आली होती. उजव्या जवनिकेची भिंत नऊ मिलीमीटर झाली होती, ती फुगून मोठी झाली होती, त्रिदली झडप नीट मिटत नव्हती, आणि दोन जवनिकांमधला पडदा डावीकडे इतका ढकलला गेला होता की वाटोळी डावी जवनिका इंग्रजी 'डी' अक्षरासारखी चपटी दिसत होती. डावीचा स्वतःचा काही दोष नव्हता. तिच्यापर्यंत रक्तच पुरेसे पोहोचत नव्हते. धावताना मेंदूला रक्त कमी पडले आणि ती कोसळली.

सिल्डेनाफिल आणि बोसेन्टान ही औषधे सुरू केली. शिरेतून अखंड देण्याची जी प्रभावी औषधे परदेशात वापरीत, ती आपल्याकडे सहजी मिळत नव्हती. तीन वर्षे बरी गेली. नंतर पायांवर सूज आली, यकृत वाढले, शाळा सुटली. पंधराव्या वर्षी ती एक जिनाही चढू शकत नव्हती. फुप्फुसांचे प्रत्यारोपण हा एकच मार्ग उरला, असे चेन्नईच्या तज्ज्ञांनी सांगितले. तेव्हा तिच्या वडिलांनी मला जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "साहेब, फुप्फुसं बदलतील हो, पण हृदय तर पार थकलंय. तेही बदलायला नको का?"

एके काळी जगातल्या मोठमोठ्या शल्यविशारदांचे मत नेमके हेच होते. मानवी फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण डॉ. जेम्स हार्डी यांनी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९६३ मध्ये केले; तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षे फुप्फुसांच्या बाबतीत निराशेचीच गेली. १९८१ च्या मार्चमध्ये स्टॅनफर्ड येथे डॉ. ब्रूस राइट्झ यांनी फुप्फुसांच्या उच्चदाबाने ग्रासलेल्या एका स्त्रीला हृदय आणि दोन्ही फुप्फुसे एकत्रच बसविली. ती पाच वर्षे जगली. या यशामुळे अशा रुग्णांना हृदय व फुप्फुसे एकत्रच द्यावयाची, असा प्रघात पडला. इतका दाब सोसलेली उजवी जवनिका कायमची निकामी झाली असणार, हे त्यामागील गृहीतक होते. दरम्यान टोरंटोला डॉ. जोएल कूपर यांनी १९८३ मध्ये एका फुप्फुसाचे आणि १९८६ मध्ये दोन्ही फुप्फुसांचे प्रत्यारोपण यशस्वी केले. मग काही धाडसी मंडळींनी उच्चदाबाच्या रुग्णांनाही केवळ फुप्फुसे देऊन पाहिली. थकलेले हृदय तसेच ठेवले. आणि ते हृदय सावरले! १९९० नंतरच्या दशकात हे पुनःपुन्हा दिसून आले, आणि आज बहुतेक केंद्रांत या रोगासाठी दोन्ही फुप्फुसेच बदलतात. हृदयाची जन्मजात रचना गुंतागुंतीची असेल किंवा डावी बाजूही मुळातून बिघडलेली असेल, तरच हृदयासह प्रत्यारोपणाचा विचार होतो.

हे जेव्हा मी प्रथम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटावयास हवे होते, पण वाटले नाही. आम्ही बालरोगतज्ज्ञ हा प्रकार रोज पाहतो, फक्त त्याकडे लक्ष देत नाही.

गर्भात बाळाची फुप्फुसे श्वास घेत नसतात. त्यांतील वाहिन्या आकसलेल्या असतात. उजवी जवनिका जे रक्त ढकलते त्यांतील बहुतेक फुप्फुसांना वळसा घालून एका आडवाटेने महाधमनीत जाते. म्हणजे गर्भातील उजवी जवनिका अंगणातल्या तुळशीला पाणी घालीत नसते, तीही गावाचेच पाणी वाहत असते. म्हणून नवजात बाळाच्या दोन्ही जवनिकांची जाडी जवळजवळ सारखी असते. बाळ पहिला टाहो फोडते, फुप्फुसे उघडतात, वाहिन्यांतील अडथळा एकदम घटतो आणि पुढील सहा ते आठ आठवड्यांत प्रौढांच्या पातळीला येतो. उजव्या जवनिकेवरचा भार उतरला की तिची भिंत हळूहळू पातळ होते. ईसीजीच्या व्ही-१ या पट्टीत 'टी' लहर पहिल्या काही दिवसांत सरळ असते आणि आठवडाभरात उलटी होते, हे आम्ही प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ करावयास लावतो. आठवड्यानंतरही ती सरळच राहिली तर उजव्या जवनिकेवरचा भार उतरलेला नाही, असे समजावे. सुरतेच्या कोणत्याही प्रसूतिगृहात, कोणत्याही दिवशी, हे स्थित्यंतर घडत असते. फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर पंधरा वर्षांच्या मुलीत जे घडते, ते याच जुन्या वाटेवरून घडते.

मी तिच्या वडिलांना हे सर्व एका कागदावर चित्र काढून समजावले. माझी चित्रकला बेताची आहे. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

खर्चाची व्यवस्था कशी झाली ते विस्ताराने लिहीत नाही. आपल्याच समाजातील अनेकांनी, नाव न सांगण्याच्या अटीवर, मोठा वाटा उचलला. कापड बाजारातील गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांनीही उचलला. २०१७ मध्ये चेन्नईत चार महिने भाड्याच्या खोलीत काढल्यावर एका मध्यरात्री बोलावणे आले.

शस्त्रक्रियेत उजव्या जवनिकेचा दाब ज्या क्षणी नव्या फुप्फुसांना जोडली गेली त्याच क्षणी उतरला. जो पडदा अनेक वर्षे डावीकडे झुकला होता तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मधल्या जागी येऊ लागला, असे तेथील भूलतज्ज्ञांनी मला नंतर सांगितले. आपल्याला वाटेल की आता संकट टळले. परंतु खरी कसोटी पुढेच असते, आणि ती ज्या कप्प्याबद्दल कोणाला चिंता नव्हती त्याची असते. डावी जवनिका इतकी वर्षे अर्धपोटी राहिलेली असते. कमी रक्ताची सवय झालेली, आकाराने लहान, भिंत काहीशी ताठर. आता मोकळ्या झालेल्या फुप्फुसांतून पूर्ण प्रवाह एकदम तिच्या दारात येऊन उभा राहतो. तो तिला सामावता आला नाही तर मागे तुंबतो आणि नव्या फुप्फुसांत पाणी भरते. या मुलीच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी नेमके तेच झाले. एक्मो यंत्राने रक्ताचा काही भाग बाहेरून फिरवून डाव्या जवनिकेला श्वास घ्यावयास वेळ दिला गेला. पाच दिवसांनी यंत्र काढता आले. जर्मनीतील हॅनोव्हरच्या मंडळींनी तर अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही दिवस जागेपणी एक्मोवर ठेवण्याची पद्धतच पाडली आहे.

बालहृदयशल्यचिकित्सेत याची जुनी उदाहरणे आहेत. ज्या बाळांत महाधमनी व फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असते, त्यांची डावी जवनिका फुप्फुसांना जोडलेली असते. जन्मानंतर काही आठवड्यांतच ती दुबळी होते. म्हणून धमन्या परत जागच्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया पहिल्या तीन-चार आठवड्यांत उरकावी लागते. आणि हृदयाच्या प्रत्यारोपणात चित्र नेमके उलटे असते. रुग्णाच्या फुप्फुसांतील दाब फार चढलेला असेल तर दात्याकडून आलेले निरोगी हृदयही टिकत नाही, कारण त्याच्या पातळ उजव्या जवनिकेला डोंगर चढण्याचा सराव नसतो.

आणखी एक गोष्ट सांगावयाची. नवी फुप्फुसे जोडताना त्यांच्या शिरा रुग्णाच्या डाव्या कर्णिकेला टाक्यांनी जोडाव्या लागतात. त्या टाक्यांच्या परिसरातून पहिल्या काही आठवड्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास पुष्कळांना होतो, विशेषतः मोठ्या वयाच्या रुग्णांना. तिला तो झाला नाही. हृदय मात्र तिचे स्वतःचे असल्यामुळे त्याच्या मज्जातंतू शाबूत राहिल्या. हृदय बदललेल्या रुग्णाचे ठोके विश्रांतीतही जलद असतात आणि भीतीने किंवा धावण्याने ते उशिराने वाढतात. हिचे तसे नाही. उलट नव्या फुप्फुसांचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे खोकला हवा तेथे येत नाही आणि कफ साठला तरी कळत नाही. आई रोज पाठीवर थाप देऊन आठवण करून देई.

आता त्या खणातल्या चित्रांकडे वळतो. तीन आठवड्यांनंतरच्या चित्रात 'डी' अक्षर नाहीसे होऊन डावी जवनिका वाटोळी दिसते. उजवी अजून मोठीच आहे. तीन महिन्यांनंतर ती बरीच लहान झालेली, त्रिदली झडपेची गळती जवळजवळ थांबलेली. अंदाजे मोजलेला उजव्या जवनिकेचा दाब ९५ वरून २८ वर. भिंतीची जाडी कमी होण्यास मात्र वेळ लागला; वर्षाने ती पाच मिलीमीटर भरली. डॉक्टर मित्रांसाठी एक टीप : शस्त्रक्रियेत हृदयावरचे आवरण उघडलेले असते, त्यामुळे टॅप्सी हे मोजमाप पुढे कित्येक महिने कमीच दिसते. आकडा पाहून घाबरू नये, संपूर्ण चित्र पाहावे. मी घाबरलो होतो आणि रात्री साडेअकराला मित्राला झोपेतून उठवले होते.

वर्षाच्या इकोच्या वेळी ती मान वळवून पडदा पाहत होती. "काका, हे माझंच ना?" तिने विचारले. मी म्हटले, "हो, हे तुझंच." तिने पुढे काही विचारले नाही.

येथे सुरतेचा संबंध येतो, आणि तो केवळ रुग्ण सुरतेची आहे एवढ्यापुरता नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले मानवी हृदयरोपण केले, तेव्हा मेंदूमृत्यूला कायद्याचा आधार नव्हता. तो १९९४ च्या कायद्याने आला. त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या शहरातून अवयव बाहेर जाणे ही कल्पनाच कोणाला सुचली नव्हती. निलेश मांडलेवाला यांच्या 'डोनेट लाइफ' या संस्थेने घरोघरी, रुग्णालयोरुग्णालयी जाऊन हे चित्र बदलले. २०१५ च्या डिसेंबरात सुरतेतून पहिले हृदय मुंबईस गेले. २०१७ च्या सप्टेंबरात १४ महिन्यांच्या एका बाळाचे हृदय मुलुंडच्या रुग्णालयात पोहोचले आणि नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसविण्यात आले. या मुलीसाठी हृदय मिळावे म्हणून महाराष्ट्रात किती लोक वाट पाहत होते, हे वाचकांना आठवत असेल.

२०२० च्या डिसेंबरात, कोविडचे ते दिवस असताना, सुरतेतील अडीच वर्षांच्या एका मुलाचा अपघात झाला आणि तो मेंदूमृत ठरला. आईवडिलांनी संमती दिली. त्याचे हृदय व फुप्फुसे विमानाने सुमारे १,६०० किलोमीटरवर चेन्नईस नेण्यात आली. एकाच रुग्णालयात हृदय रशियाच्या चार वर्षांच्या बालकाला मिळाले आणि फुप्फुसे युक्रेनच्या चार वर्षांच्या बालकाला. चौदा महिन्यांनी या दोन देशांत युद्ध पेटले.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आले ते वैद्यकीयच होते. फुप्फुसे बदलावयाची तर हृदयही बदलावेच लागते, हा १९८१ चा समज आज टिकून असता तर? एका बालकाला हृदय व फुप्फुसे एकत्र गेली असती आणि दुसरे बालक वाट पाहत राहिले असते. फुप्फुसे घेणारा रुग्ण स्वतःचे हृदय जवळ ठेवू शकतो, म्हणून दात्याचे हृदय दुसऱ्यासाठी मोकळे होते. उजवी जवनिका सावरते या एका गोष्टीमुळे एका घरच्या दुःखातून दोन घरांपर्यंत वाट गेली. माझ्या त्या मुलीला फुप्फुसे देणाऱ्याचे हृदय कोणाला मिळाले, हे आम्हांला कधी कळणार नाही, कळूही नये. पण ते कोणाला तरी देता येण्याजोगे होते.

संमतीविषयी दोन शब्द. अज्ञान मुलाच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एकाची संमती कायद्याला पुरते. मेंदूमृत्यूची तपासणी चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावयाची असते. लहान मुलांत आम्ही हे अंतर बारा तासांचे ठेवतो, नवजातांत त्याहून अधिक. हे सारे नियम नीट आहेत. पण व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असताना, हात ऊबदार असताना, "तुमचे मूल आता नाही" हे आईला सांगणे नियमांत कोठेही लिहिलेले नाही. मला आजवर तीनदा हे सांगावे लागले. दोन कुटुंबांनी अवयवदानास नकार दिला. एका आजोबांनी हात जोडून म्हटले, "डॉक्टरसाहेब, आमच्यानं नाही होणार." मी आग्रह धरला नाही. आजही धरणार नाही. आपल्यातील काही उत्साही मंडळी अशा वेळी जे दडपण आणतात ते मला पसंत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

आणखी एका गोष्टीची रुखरुख आहे. फुप्फुसांचा उच्चदाब प्रत्येक वेळी अज्ञात कारणानेच होतो असे नाही. जवनिकांच्या पडद्यातील मोठे छिद्र वेळीच बंद न केल्यास पहिल्या काही वर्षांतच फुप्फुसांच्या वाहिन्या कायमच्या बिघडतात. पुढे रक्त उलट वाहू लागते, ओठ निळे पडतात आणि मग छिद्र बंद करणेही घातक ठरते. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी हा प्रकार १८९७ मध्ये वर्णिला. लिंबायत, पांडेसरा, उधना या भागांत कामासाठी आलेल्या कुटुंबांची अशी मुले मी अजून पाहतो. त्यांची ऑपरेशने अहमदाबादच्या यू. एन. मेहता हृदयरोग संस्थेत शाळा आरोग्य कार्यक्रमातून विनामूल्य होऊ शकतात. पैसा आड येत नाही, उशीर आड येतो. सहा महिन्यांचे बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल तर त्याचे हृदय ऐकावे. वर्षा-दोन वर्षांनी खोकला थांबला आणि बाळ 'सुधारले' असे वाटले, तर तो सुधार नव्हे, तो वाहिन्या बंद होत चालल्याचा पुरावा असू शकतो. माझ्या त्या आठ महिन्यांनंतर श्वास लागणाऱ्या प्रत्येक मुलाचा दुसरा ध्वनी मी मुद्दाम ऐकतो. बारा वर्षांत त्यातून दोन मुले वेळीच सापडली.

आता त्या मुलीचे पुढे काय, हे विचारल्याशिवाय वाचक राहणार नाहीत. ती बी.कॉम. झाली. रोज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडे स्टेरॉइड घेते. या औषधांनी रक्तदाब वाढतो, चरबी वाढते, मूत्रपिंडे थकतात. म्हणजे ज्या हृदयाला फुप्फुसांच्या दाबातून सोडविले त्याला आता शरीराच्या दाबापासून जपावे लागते. विसाव्या वर्षी तिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. कबुतरांपासून दूर राहावयाचे असते. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी कबुतरांना दाणे टाकण्याची प्रथा होती. ती बंद करण्यासाठी तिच्या वडिलांना जेवढी मनधरणी करावी लागली तेवढी चेन्नईच्या खर्चासाठीही करावी लागली नसेल. अखेर चबुतरा समोरच्या मैदानात हलला.

फुप्फुसे बाहेरच्या हवेला सतत उघडी असल्यामुळे शरीर त्यांना इतर अवयवांइतके सहजी स्वीकारीत नाही. फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर साधारण सहा वर्षांनी निम्मे रुग्ण हयात असतात, असा जगभराचा अनुभव आहे. तिला सहा वर्षे उलटून गेली. गेल्या दोन वर्षांत तिची फुंकण्याची क्षमता तिच्या सर्वोत्तम आकड्याच्या साठ टक्क्यांवर आली आहे. बारीक श्वासनलिका हळूहळू आकसण्याचा, शरीराच्या सावकाश नकाराचा, हा प्रकार आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केले आहे. सध्या आकडा स्थिर आहे. दुसऱ्या प्रत्यारोपणाची चर्चा तिच्या आईसमोर अजून कोणी काढलेली नाही. तिने स्वतः मात्र काढली, एकटी आली असताना, अगदी व्यवहारी स्वरात.

दिवाळीनंतर तिचा इको झाला. उजवी जवनिका चंद्रकोरीसारखी, भिंत चार मिलीमीटर, पडदा जागच्या जागी. माझा मित्र आता सत्तरीला आला आहे. त्याने चष्मा कपाळावर सरकवून ते चित्र दोनदा पाहिले आणि अहवालावर सही केली. तिने अहवालाची एक प्रत मला दिली, एक चेन्नईच्या फायलीत लावली. कार्यालयातून अर्धा दिवसाची रजा घेतली होती, म्हणून चहाला थांबली नाही. आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. ती जिना उतरताना मी दारात उभा होतो.